विनंतीपूर्वक अर्ज सादर करते की...

आपल्याकडे मुलीला आयुष्यात दोनदा स्वतःविषयी कागदावर लिहून द्यावे लागते. एकदा लग्नासाठी आणि एकदा नोकरीसाठी. पहिल्या कागदाची तयारी सारे घर मिळून करते. मामा शब्द सुचवतो, आत्या फोटो निवडते, उंचीत अर्धा इंच वाढवावा की नाही यावर वडीलधाऱ्यांची मसलत होते. दुसरा कागद मात्र तिने एकटीने, रात्री जेवणे आटोपल्यावर, मैत्रिणीच्या जुन्या अर्जावरून उतरून काढायचा असतो. मग होते काय, की पहिल्या कागदातला मजकूर नकळत दुसऱ्यात शिरतो!

थट्टा करीत नाही. जिल्ह्याच्या गावच्या एका धर्मादाय इस्पितळात मी एकोणीस वर्षे मेट्रन होते. दीडशे खाटा, वर्षाकाठी पंधरा-वीस नर्सेसच्या जागा रिकाम्या व्हायच्या, आणि प्रत्येक जाहिरातीमागे आधी टपालाने नि पुढे पुढे ई-मेलने अर्जांचा ढीग येऊन पडायचा. त्यात 'वर्ण गोरा, उंची पाच फूट तीन इंच, स्वभाव शांत व मनमिळाऊ' असे लिहिणाऱ्या नर्सबाई मी पुष्कळ पाहिल्या. एकीने तर रासही कळवली होती. कन्या! आता पत्रिका जुळवून पेशंट दाखल करून घेण्याची सोय आमच्याकडे नव्हती, त्याला काय करणार?

हल्ली या अर्जाला 'कव्हर लेटर' म्हणतात. शिक्षणाचा नि नोकऱ्यांचा तक्ता असतो तो 'बायोडेटा' वेगळा. त्याच्या वर लावायचे ते हे पत्र. फार तर एक पान, खरे म्हणजे अर्धेच. या अर्ध्या पानापायी मागे पडलेल्या कितीतरी गुणी मुली मला ठाऊक आहेत, म्हणून हा लेखनप्रपंच. तुमच्या घरात नर्स नसेलही. पण चाळीत, सोसायटीत, नात्यात एखादी असतेच. 'काकू, जरा इंग्रजी बघून द्या ना' म्हणत ती उद्या तुमच्याच दाराशी येणार आहे. तेव्हा तिचे स्पेलिंग सुधारून तिला वाटेला लावू नका, एवढ्यासाठी तुम्हीही हे वाचावे.

सरकारी नोकरीचा प्रश्न आधीच बाजूला करते. तिथे या पत्राला जागा नाही. एम्ससारख्या केंद्राच्या संस्थांत २०२० सालापासून 'नॉरसेट' नावाची सामायिक परीक्षा असते. आपल्या राज्याच्या भरतीतही ठरलेला नमुना भरायचा, परीक्षा द्यायची, गुणांच्या यादीत नाव शोधायचे. पत्राचा उपयोग खाजगी नि धर्मादाय इस्पितळांत. नर्सेसचा फार मोठा वर्ग आज तिथेच पोट भरतो, हे तुम्हीही जाणता.

पण तो गोरा वर्ण नि तो मनमिळाऊ स्वभाव नर्सच्या अर्जात आला कुठून? लग्नाच्या कागदाचा दोष आहेच, तरी खोड त्याहून जुनी आहे. अमेरिकेत १८६१ साली यादवी युद्ध पेटले, तेव्हा सैन्याच्या नर्सेस निवडण्याचे काम डोरोथिया डिक्स या बाईंकडे आले. १८६२ साली निघालेल्या त्यांच्या परिपत्रकात अटी अशा होत्या: वय पस्तीस ते पन्नास, कपडे तपकिरी, करडे किंवा काळे, अंगावर दागिना नको, आणि लायकी नि चांगली वर्तणूक यांविषयी निदान दोन भरवशाच्या माणसांची प्रमाणपत्रे. आपल्याकडेही निराळे नव्हते. १९०९ साली निघालेल्या पुण्याच्या सेवासदनाने रमाबाई रानड्यांच्या पुढारीपणाखाली विधवा नि गरजू बायकांना ससून इस्पितळात नर्सिंग शिकायला पाठवले. तेव्हा पांढरपेशा समाजाला पडलेला प्रश्न 'हिला काम येईल का?' हा नव्हता. परक्या पुरुषांच्या वॉर्डात वावरणारी बाई घरंदाज राहील का, हा होता. त्या प्रश्नाचे उत्तर देण्याची सवय आमच्या मुलींच्या हातात अजून आहे. कुणी विचारलेले नसतानाही त्या आपण चांगल्या घरच्या असल्याचे पहिल्याच ओळीत सांगून टाकतात.

वास्तविक त्या प्रश्नाचा निकाल कधीच लागला आहे. 'रजिस्टर्ड नर्स' या दोन शब्दांनी तो लावला. त्यामागे मोठे भांडण होते, आणि गंमत म्हणजे त्यात फ्लॉरेन्स नाइटिंगेल विरुद्ध पक्षाला होत्या! नर्सेसची सरकारी नोंदवही असावी, म्हणून इंग्लंडात एथेल फेनविक या बाई १८८७ पासून तीस वर्षांवर भांडत राहिल्या. नाइटिंगेलबाईंचे म्हणणे, की परीक्षेने नि नोंदवहीने चांगली नर्स ओळखता येत नाही. न्यूझीलंडने मात्र १९०१ मध्ये कायदा करून बाजी मारली. इंग्लंडात तो १९१९ साली झाला, आणि त्या नोंदवहीत पहिले नाव फेनविकबाईंचेच लागले. आपल्याकडे मुंबई प्रांताने १९३५ मध्ये कायदा केला, सबंध देशासाठी १९४७ मध्ये झाला. आज महाराष्ट्रातल्या मुली ज्या महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नाव घालतात, तिच्यामागे १९६६ चा कायदा आहे.

मला विचाराल तर दोघी बायकांचे बरोबर होते. ही बाई शिकली आहे, पास झाली आहे, हिला रोग्याच्या अंगाला हात लावण्याचा अधिकार आहे, हे नोंदणीचा एक क्रमांक सांगून टाकतो. तेवढ्यापुरता फेनविकबाईंचा जय. पण पहाटे तीन वाजता बाळाचे ओठ काळेनिळे पडू लागले हे ही बाई वेळेवर पाहील का, ते क्रमांक सांगू शकत नाही. तिथे नाइटिंगेलबाईंचे खरे. अर्जासोबतचे पत्र असते ते या दुसऱ्या गोष्टीसाठी. सोबतच्या सगळ्या कागदांवर दुसऱ्यांच्या सह्या असतात. विद्यापीठाची, परिषदेची, प्राचार्यांची. नर्स स्वतः बोलते ती एवढ्याच अर्ध्या पानावर.

आणि तिथे ती काय बोलते? ऐका.

'महोदय, वरील विषयास अनुसरून विनंतीपूर्वक अर्ज सादर करते की, मी आपल्या नामांकित संस्थेत स्टाफ नर्स या पदावर काम करण्यास इच्छुक आहे. मी होतकरू, प्रामाणिक व कष्टाळू असून मला रुग्णसेवेची मनापासून आवड आहे. तरी मला एक वेळ सेवेची संधी द्यावी, ही नम्र विनंती.'

इंग्रजीत लिहिले तरी मजकूर हाच. यात खोटे काही नाही. फक्त हे पत्र शिपाई, कारकून, शिक्षिका, कुणीही धाडावे असे आहे. आता हे वाचणाऱ्या बाईची सकाळ डोळ्यांपुढे आणा. आठ वाजलेले आहेत. समोर ड्युटीची यादी आहे. दोघी बाळंतपणाच्या रजेवर, एक आखाताला गेलेली, आणि डायलिसिसची दुसरी पाळी चालवायला माणूस नाही म्हणून दोन यंत्रे झाकून ठेवलेली. अशा मेट्रनला 'नर्स' नको असते. तिला डायलिसिसच्या दुसऱ्या पाळीला माणूस हवे असते. तिच्या यादीतली रिकामी चौकट जे पत्र भरते, ते ती वर काढून ठेवते. बाकीची ती वाचतसुद्धा नाही, हे कठोर वाटेल, पण त्या वेळी वॉर्डातून तिसऱ्यांदा निरोप आलेला असतो.

माझ्या हाती आलेल्या अर्जांतला एक मी कधी विसरणार नाही. मुलगी तालुक्याच्या गावची, इंग्रजी बेताचेच. आशय असा होता:

'मी जीएनएम आहे. नोंदणी क्रमांक वर दिला आहे, नूतनीकरण झालेले आहे. गेली तीन वर्षे तीस खाटांच्या प्रसूतिगृहात काम करते. महिन्याला चाळीसएक बाळंतपणे होतात, रात्री आम्ही दोघीच असतो. जन्मल्यावर न रडणाऱ्या बाळाला पहिल्या मिनिटात पुसून, चोळून, लागल्यास पिशवी-मास्कने श्वास द्यायचे काम मी स्वतः केले आहे. मास्कची वेळ आजवर अकरा वेळा आली. व्हेंटिलेटरवरचे बाळ मी सांभाळलेले नाही. आमच्याकडून पुढे पाठवलेली बाळे तुमच्या नवजात अतिदक्षता विभागात येतात. तिथे त्यांचे पुढे काय करतात ते मला शिकायचे आहे. सध्याच्या ठिकाणी एक महिन्याची सूचना द्यावी लागेल.'

संपले पत्र. एकही विशेषण नाही. होतकरू नाही, कष्टाळू नाही. पण रात्री दोघींनी तीस खाटा सांभाळायच्या म्हणजे काय, हे मेट्रनला कुणी समजावून सांगावे लागत नाही. अकरा हा आकडा तिने मनाशी जपून ठेवला होता, यावरूनच मुलगी कशी आहे ते कळले. पण मला सर्वांत मोलाचे वाटले ते निराळेच वाक्य: 'व्हेंटिलेटरवरचे बाळ मी सांभाळलेले नाही.' हे वाक्य लिहायला धीर लागतो. शेजारणी, मैत्रिणी, क्लासवाले, सगळे तिला 'ते कशाला लिहितेस?' म्हणणार. मी म्हणते, तेच आधी लिहावे. इतर धंद्यांत अर्जातली थाप मालकाच्या खिशाला बसते. आमच्याकडे ती खाटेवरच्या माणसाला बसते. ती बाई कामावर आली, की पहिल्या रात्री तिला कुठे उभी करायची नि सोबत कुणाला द्यायचे, हे मेट्रन त्या पत्रावरून ठरवत असते.

त्याच जागेसाठी दुसरी एक आली होती. अर्जात मोठ्या माणसांच्या अतिदक्षता विभागातला व्हेंटिलेटरचा दोन वर्षांचा अनुभव, अगदी झोकदार इंग्रजीत. मी एवढेच विचारले, 'व्हेंटिलेटरची धोक्याची घंटा वाजली, तर आधी कुठे पाहशील?' ती म्हणाली, 'मशीनच्या पडद्यावर.' ज्या बाईने व्हेंटिलेटरशेजारी खरोखर रात्र काढली आहे, ती आधी पेशंटकडे पाहते. छाती हलते आहे का, रंग कसा आहे, नळी जागेवर आहे का. यंत्राकडे मागाहून. बिचारीचा लबाडीचा हेतू नव्हता. मैत्रिणीचा अर्ज उतरताना मैत्रिणीचा अनुभवही उतरला गेला होता, इतकेच.

तेव्हा पत्र लिहायला बसलेल्या मुलीला तुम्ही हे विचारा. किती खाटा? एका पाळीत तुझ्याकडे पेशंट किती? कोणती यंत्रे तू एकटीने लावतेस आणि कोणती दुसरीच्या देखरेखीखाली? पाळी बदलताना पुढच्या सिस्टरला काय काय सांगून जातेस? ती बोलायला लागली की थांबत नाही, हा माझा अनुभव आहे. जे ती तोंडाने सांगेल, त्यातले त्या जाहिरातीशी जुळणारे तेवढे निवडून कागदावर उतरवा. पेशंटचे नाव किंवा त्याची ओळख पटेल असे काही मात्र येऊ देऊ नका. ज्या नर्सने अर्जात आमदारसाहेबांच्या ऑपरेशनची हकीकत लिहिली, ती उद्या आमच्या पेशंटचीही लिहील. नोंदणीचा क्रमांक वरच्या दोन ओळींत यावा, त्याचे नूतनीकरण झाले आहे हेही सांगावे. नोंदणी कर्नाटकची नि नोकरी पुण्याची असेल, तर इकडच्या परिषदेत नाव वर्ग करायला दिले आहे की नाही, तेही. ज्या जागेसाठी अर्ज आहे तिचे नाव स्पष्ट हवे. 'कोणतेही काम करण्याची तयारी आहे' हे नम्रपणाचे वाक्य वाटते, पण वाचणारीला त्यातून काहीच कळत नाही.

आता अवघड गोष्टीकडे येते. शहरोशहरी गल्लीबोळांत जी लहान नर्सिंग होम्स असतात, त्यांतल्या काही ठिकाणी नर्सचा पगार रोखीने देतात, नेमणुकीचा कागद देत नाहीत, आणि सोडून जाऊ नये म्हणून तिची मूळ प्रमाणपत्रे कपाटात ठेवून घेतात. चार वर्षे राबलेल्या मुलीपाशी राबल्याचा पुरावा नसतो. अशी मुलगी अर्जात एक तर ती चार वर्षे गाळते, नाही तर मालकाच्या नावाने रडगाणे गाते. दोन्ही नको. 'अमुक साली ते अमुक साली तिथे काम केले, अनुभवाचे पत्र मिळालेले नाही, बरोबर काम केलेल्या डॉक्टरांचा फोन त्यांच्या परवानगीने खाली देत आहे', इतके पुरे. तक्रार खरी असेल, पण या अर्ध्या पानावर तिची जागा नाही. ती जिथे करायची तिथे जरूर करावी. आईबापांना माझे सांगणे एवढेच, की मुलगी पहिल्या नोकरीला लागताना मूळ प्रमाणपत्रे दाखवायची नि त्याच पावली परत आणायची, हे तिला बजावून धाडा. लग्नात दागिने मोजून घेता ना, तसे हे कागद मोजून घ्या.

तशीच ती बाळंतपणाची वर्षे. मूल लहान म्हणून तीन-चार वर्षे घरी बसलेली बाई पत्रात त्याबद्दल जणू माफी मागते. कशासाठी? किती वर्षे घरी होते, नोंदणी चालू ठेवली, परत येण्याआधी जीव वाचवण्याचे प्राथमिक प्रशिक्षण, ज्याला बीएलएस म्हणतात, ते पुन्हा घेतले: दोन वाक्यांत काम होते. सासूबाई मुलाला सांभाळणार आहेत हे मेट्रनला कळवण्याची आवश्यकता नाही. आमच्याकडे कुठल्या ब्रदरने आपली मुले कोण सांभाळते ते आजवर लिहिलेले नाही!

'घरची परिस्थिती हलाखीची असून' हे वाक्य तर मला वाचवत नसे. परिस्थिती हलाखीची असते, हे मला ठाऊक आहे. पण दया येऊन मी नेमलेल्या मुलीला पगारही दयेचाच मिळतो, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. गरज सांगायचीच तर ती कामाच्या अंगाने सांगता येते. एका मुलीने लिहिले होते, की मला कायम रात्रपाळी द्यावी, कारण आठवड्यातून दोनदा सकाळी आईला डायलिसिसला न्यावे लागते. यात याचना नव्हती. कायम रात्रपाळी मागणारी नर्स म्हणजे आम्हांला घरबसल्या लॉटरी! मी तिला त्याच दिवशी बोलावले.

एवढे सगळे करूनही नकार येतो. तेही मुलींना सांगितले पाहिजे, नाही तर त्या आपल्या पत्रालाच दोष देत बसतात. मेरी सीकोल ही जमैकाची बाई १८५४ साली लंडनला गेली आणि क्रिमियाच्या लढाईत नर्स म्हणून जाण्यासाठी तिने सरकारदरबारी खेटे घातले. जमैकात नि पनामात पटकीच्या साथींत तिने रोगी काढले होते. एका डॉक्टरचे शिफारसपत्रही तिच्यापाशी होते, पुढे आपल्या आठवणींच्या पुस्तकात तिने ते छापलेच. तरी तिला जागोजाग नकार मिळाला. आपला काळा रंग आडवा आला असावा, अशी शंका तिने त्या पुस्तकात बोलून दाखवली आहे. ती स्वतःच्या खर्चाने क्रिमियाला गेली, हे तिचे मोठेपण. लंडनच्या सेंट थॉमस इस्पितळाच्या आवारात तिचा पुतळा उभा राहिला तो २०१६ साली. आपल्याकडे आडनाव पाहून, गाव पाहून, 'लग्न कधी करणार?' असे विचारून बाजूला ठेवलेले अर्ज मला माहीत आहेत. पत्र चांगले असले म्हणजे न्याय होतोच असे नाही. पण वाईट पत्र लिहून अन्याय करणाऱ्याचे काम सोपे कशाला करा?

अलीकडे मोबाइलला सांगितले की तो पत्र तयार करून देतो. माझ्या शेवटच्या वर्षी एका जाहिरातीला आलेल्या अर्जांत ओळीने सात पत्रांत तीच करुणा, तीच निष्ठा, तोच ध्यास, तेही त्याच क्रमाने! व्याकरण सुधारायला मोबाइल उत्तम, माझी ना नाही. पण अकरा बाळांचा आकडा त्याला कुठून ठाऊक असणार? तो मुलीनेच सांगायला हवा.

परदेशी जाणाऱ्यांना हे अधिकच लागू आहे. इंग्लंडच्या सरकारी इस्पितळांत जागेबरोबर एक यादी छापलेली असते, अमुक गुण आवश्यक, अमुक असल्यास उत्तम. अर्जात त्या यादीतल्या एकेका गोष्टीला आपल्या कामातला दाखला द्यायचा. दाखला नाही तर गुण नाही. तिथे 'आपली आज्ञाधारक' लिहून भागत नाही. डॉक्टरचा हुकूम चुकतो आहे असे वाटले तेव्हा तू काय केलेस, असे तिथे मुलाखतीत विचारतात. आमच्या मुली या प्रश्नाला बिचकतात. औषधाचा डोस जास्त वाटला म्हणून रात्री दोनला डॉक्टरांना उठवून विचारलेले असते, शिव्याही खाल्लेल्या असतात, पण ही गोष्ट सांगण्यासारखी आहे असे त्यांना वाटतच नाही. मला वाटते, इथल्या पत्रातही ती लिहायला हरकत नसावी. निदान मी तरी अशा मुलीला आधी बोलावले असते.

राहता राहिली शेवटची ओळ. 'आपली विश्वासू' ठीक आहे, त्याखाली सही, तारीख, आणि फोनचा नंबर. हा नंबर स्वतःचा द्यावा. एका चांगल्या मुलीच्या अर्जावर भावाचा नंबर होता. मी तीनदा फोन केला. पहिल्या खेपेला तो म्हणाला, ताई झोपली आहे. दुसऱ्या खेपेला, पगार किती देणार? तिसऱ्या खेपेला, आम्ही घरात विचार करून कळवतो. पाळी दुसऱ्या दिवशीची भरायची होती. मी ढिगातला पुढचा अर्ज उचलला.